मिस ओझेलाचे चाळीस यार्ड

टिबी लँडिंगच्या कॉलेजला अमेरिकन फुटबॉलचं मैदान एकच होतं, आणि त्यावर चुन्याची फक्की मारणारा हातही बावीस वर्षं एकच होता. तो हात ओझेला टिलमनचा. मिसिसिपीच्या त्या सपाट, काळ्या मातीच्या मुलखात शेतातल्या कापसाच्या ओळीसुद्धा तिच्या रेघेइतक्या सरळ नसतात असं लोक म्हणत, आणि ती ते ऐकून न ऐकल्यासारखं करी. तिचा नवरा आयसम रस्ते मोजणाऱ्या खात्यात होता. साहेब दुर्बिणीतून बघायचा आणि आयसम टेपेचं दुसरं टोक धरून चिखलात उभा राहायचा. त्याने बायकोला दोन गोष्टी शिकवल्या: नदीतला मिशाळ मासा सोलायचा कसा, आणि पोलादी टेप ओढायची कशी. टेप ओढताना हाताला डुकराची एक तंगडी लोंबकळते आहे एवढाच भार वाटला पाहिजे, असं तो सांगे. कमी ओढली तर माप खोटं, जास्त ओढली तरी खोटं. पुढे आयसम गेला. टेप राहिली, ती ओझेलाच्या फक्कीच्या गाड्याला टांगलेली असे.

अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्च महिन्यात, एका मंगळवारी, कोच बॅस्किन तिला शोधत मैदानावर आले. हा माणूस नेहमी ताकाला जाऊन भांडं लपवायचा. आधी त्यांनी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग चर्चमधल्या गाण्याची, मग चुन्याची पोती किती उरली याची. ओझेला उलट्या बादलीवर बसून सगळ्याची उत्तरं देत राहिली. तिला ठाऊक होतं की कोचना चुन्याच्या पोत्यांशी काही देणंघेणं नाही.

शुक्रवारी सहा व्यावसायिक संघांचे पारखी येणार होते. त्यांना मुख्यतः बघायचा होता लव्हेल सिम्स. लव्हेल म्हणजे कॉलेजच्या संघातला चेंडू काखेत मारून पळणारा गडी. गेल्या मोसमात त्याने चौदाशे यार्ड पळून काढले होते. समोर अकरा जण त्याला आडवं पाडायला टपलेले असताना चौदाशे. पण या धंद्याची रीत अशी, की पोराने चार वर्षं काहीही केलेलं असो, शेवटी त्याला एका रेघेवर उभं करतात, चाळीस यार्ड सरळ पळवतात आणि हातातल्या घड्याळाकडे बघतात. आकडा साडेचार सेकंदांच्या आसपास आला की पारखी वही उघडतात. त्यापुढे एक दशांश जरी सरकला तरी वही मिटते.

“लव्हेल पळायला लागला की घड्याळ रुसतं, मिस ओझेला,” कोच म्हणाले. “गेल्या आठवड्यात मी तीनदा लावलं. चार पॉइंट पासष्ट. तिन्ही वेळा.”

ओझेला म्हणाली की घड्याळ बरोबर असेल.

कोचनी तोंडातली काडी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. “शेवटची रेघ आहे ना, ती माणसाच्या हातून जरा अलीकडे पडू शकते. एखादा यार्ड. माणूस आहे, चुकतो.”

“बावीस वर्षांत चुकले नाही मी, कोच.”

“म्हणून तर कुणाला संशय येणार नाही.”

जाताजाता त्यांनी तिच्या गवत कापायच्या यंत्राला बुटाने हलकेच टोकरलं आणि पुढच्या वर्षी नवीन घ्यायला हवं असं स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं. ओझेला म्हणाली, “बघते.”

आता ओझेलाच्या तोंडी ‘बघते’ याचा अर्थ ‘मी बघीन’ एवढाच असे. ती चर्चमध्ये पुढच्या रांगेत उभी राहून गाणारी बाई. खोटं बोलणं तिला जमण्यासारखं नव्हतं. पण तिने टाकलेल्या एका शब्दात समोरच्याने स्वतःच्या मनातलं भरून घेतलं, तर त्याचं पाप तिच्या माथी कसं लागेल? आपली ही सोय देवालाही पटत असावी असं ती धरून चालली होती.

गुरुवारी सकाळी लासिटर आला. उत्तरेकडच्या एका थंड शहरातल्या संघाचा हा पारखी बारा वर्षं दक्षिणेत कॉलेजं पालथी घालत होता. मोठं पोट, चांगले बूट, आणि कुठल्या गावात कुणाला काय आवडतं ते पाठ. त्याच्या हातात रस्त्याकडेच्या टपरीवरची उकडलेल्या शेंगांची पिशवी होती. कागद भिजून खाली टपटपत होता. मोसमात त्याने लव्हेलचे दोन सामने गुपचूप पाहिले होते, आणि पोरगा त्याच्या मनात भरला होता. का भरला ते मात्र त्याला स्वतःलाही धड सांगता येत नव्हतं. अडचण अशी, की एप्रिलमध्ये सगळे संघ आळीपाळीने एकेक पोरगा निवडतात, आणि लासिटरच्या संघाने पहिल्या फेऱ्यांतली नावं आधीच ठरवून ठेवली होती. लव्हेल त्याला हवा होता, पण आठव्या-नवव्या फेरीला. तोवर तो कुणाच्या डोळ्यांत येऊन चालणार नव्हतं.

“शेवटची रेघ एक यार्ड पुढे गेली तर काय बिघडतं?” तो शेंग सोलत म्हणाला. “जरा खोडी काढू त्या ओडमची. फार शहाणा समजतो स्वतःला.”

ओडम हा दुसऱ्या संघाचा पारखी. ओझेलाने त्याला एकदाच पाहिलं होतं. हडकुळा, आणि सतत कुणीतरी आपल्याला गंडवतंय असा चेहरा.

“म्हणजे पोराला हळू ठरवायचं,” ती म्हणाली.

“तात्पुरतं, मिस ओझेला. एप्रिलपुरतं.”

ती म्हणाली, “बघते.” लासिटर पिशवी तिच्या मांडीवर ठेवून शीळ घालत निघून गेला.

तो फाटकाबाहेर पडेपर्यंत ओझेलाने कसाबसा दम धरला. मग तिचं पोट हलायला लागलं. एकाला रेघ यार्डभर अलीकडे हवी, दुसऱ्याला यार्डभर पलीकडे. दोघांचंही मन राखायचं तर रेघ कुठे पडते? ती इतकी हसली की शेंगेचं मिठाचं पाणी नाकात गेलं.

दुपारी लव्हेल स्वतः आला. बुटका, मांड्या ओंडक्यासारख्या, आणि बोलणं असं की अर्धं शर्टाच्या कॉलरमध्येच राहायचं. बराच वेळ तो तिच्या गाड्याचं चाक पायाने पुढेमागे करत उभा राहिला. ओझेलाला वाटलं, आता हाही रेघेचंच काही मागणार. मागितलं त्याने रेघेचंच, पण वेगळं.

“रेघ खरी चाळीसवर असेल ना, मिस ओझेला? पोरं म्हणतात, सगळी कॉलेजं काहीतरी करतात.”

तिने विचारलं, तुला कुठे हवी आहे?

तो म्हणाला, खरी जिथे असते तिथे. गावी त्याचा मामा त्याला कापसाच्या गोदामामागच्या रस्त्यावर पळवायचा आणि अंतर पावलांनी मोजायचा. मामाचा एक पाय आखूड. शाळेत एका मास्तरांनी एक आकडा सांगितला, इथे कोच दर आठवड्याला दुसरा सांगतात. बाविसावं लागलं तरी आपण किती वेगाने पळतो ते त्याला एकदाही नीट कळलं नव्हतं.

“मी हळू आहे का?” त्याने विचारलं.

“हळू आहेस,” ओझेला म्हणाली.

इतकं सरळ त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. कोच म्हणत, वेग येईल. आई म्हणे, देव देईल. तो खळखळून हसला. तिने त्याला असं हसताना चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

“तुझ्या जोडीचा क्विंटन शेजारून गेला की मला वारा लागतो,” ती म्हणाली. “तू गेलास की नाही लागत.”

“मग मला कुणी पकडत का नाही?”

“ते मला माहीत आहे. पण आज सांगितलं तर उद्या पायांकडे बघत पळशील आणि तोंडावर आपटशील. जा, जेव काहीतरी.”

तो गेल्यावर तिने टेप काढली. एका टोकाला खुंटी ठोकली, दुसरं टोक डुकराच्या तंगडीच्या भाराने ओढलं, दोनदा मोजलं आणि फक्की मारली. चाळीस म्हणजे चाळीस, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. मग तिने कुणीच न सांगितलेलं एक काम केलं. मैदानाच्या दक्षिण कोपऱ्यात, जिथे पोरांना जमिनीवर मांडलेल्या प्लास्टिकच्या सुळक्यांमधून वळणं घेत पळवायचे, तिथलं गवत विरळ होऊन माती उघडी पडली होती. ती जागा तिने रूळ फिरवून आरशासारखी सपाट केली आणि वर झारीने पाणी शिंपडलं. चिखल होऊ दिला नाही. मक्याच्या पावाचं पीठ भिजवतात तितकीच ओल.

शुक्रवारी नऊच्या सुमारास पारखी जमले. त्याआधी कोच बॅस्किन हात मागे बांधून, सहज फिरल्यासारखं करत, एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत चालत गेले. त्यांची पावलं साडेअडतीस भरली. त्यांनी ओझेलाकडे बघून डोळा बारीक केला. पाचच मिनिटांनी लासिटरही तसाच फिरला. त्याची पावलं एक्केचाळीस भरली. त्याने टोपीला बोट लावलं. ओझेलाने दोघांनाही मान लववून नमस्कार केला आणि आपल्या बादलीवर जाऊन बसली.

आधी क्विंटन पळाला. लांब ढांगांचा देखणा पोरगा, लव्हेलच्या जोडीचाच, पण मोसमात बहुतेक वेळ बाकावर बसलेला. त्याचं चार पॉइंट त्रेचाळीस आलं आणि सहाच्या सहा पारखी एकदम ताठ झाले. वह्या उघडल्या. मग लव्हेल रेघेवर वाकला. त्याने बोटं चुन्याच्या अगदी मागे, शिस्तीत टेकवली, कोर्टात शपथ घेतल्यासारखी. पळाला. शेवटच्या रेघेवर सहा अंगठे एकदम खाली दाबले गेले.

चार पॉइंट चौसष्ट. कुणाकडे त्रेसष्ट होतं, कुणाकडे सहासष्ट, पण मधलं खरं चौसष्टच.

इथून पुढची दोन-तीन मिनिटं ओझेलाने आयुष्यभर पुरवून पुरवून आठवली. कोचचा चेहरा खाली आला. त्यांच्या हिशेबाने पोरगा एकोणचाळीसच यार्ड पळाला होता. म्हणजे खऱ्या चाळीसला पावणेपाच. पावणेपाचमध्ये तर जाडी पोरं पळतात. त्यांच्या तोंडातली काडी गवतात पडली. तिकडे लासिटरने घड्याळ पोटाशी धरून वळवलं, जसं कुणी पत्त्यातला एक्का लपवतो. त्याच्या हिशेबाने पोरगा एक्केचाळीस पळाला होता. म्हणजे खऱ्या चाळीसला चार पॉइंट चोपन्न. आणि हे फक्त त्यालाच ठाऊक. तो मोठ्याने सुस्कारा टाकून म्हणाला की वाईट वाटतं, चांगला पोरगा होता. एकाच आकड्यावर एक माणूस सुतकात आणि दुसऱ्याला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या.

लव्हेल मात्र सरळ लासिटरकडेच गेला आणि आकडा विचारून घेतला. ऐकून त्याने मान हलवली, दुकानदाराने सांगितलेलं वजन मान्य करावं तशी.

तेवढ्यात ओडमने पाठीवरच्या पिशवीतून स्वतःची टेप काढली.

ओडमने एका पोराला पहिल्या रेघेवर टोक धरायला लावलं आणि स्वतः दुसऱ्या रेघेकडे चालत निघाला. कोच बॅस्किनना अचानक खोकला आला. लासिटर आकाशात ढग शोधायला लागला. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. इथे तर दोन चोर, आणि भर उन्हातलं चांदणं. ओझेलाने बसल्या जागेवरूनच सांगितलं, “जरा ओढून धरा, साहेब. मध्ये झोल आहे.”

ओडमने ओढली. वाकून बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

“चाळीस,” तो म्हणाला. “अगदी चाळीस.” मग सरळ होत त्याने जाहीर केलं की चौदा वर्षं तो दक्षिणेत मैदानं मोजतो आहे, आणि ज्याचं माप खरं निघालं असं हे पहिलंच कॉलेज.

कोचचा खोकला थांबला. त्यांनी एकदा ओझेलाकडे पाहिलं, एकदा ओडमकडे, आणि छाती पुढे काढून म्हणाले, “आमच्याकडे असल्या बाबतीत तडजोड नाही.” ओडमने त्यांचा हात हातात घेऊन हलवला. दुसरं बोलायला कोचना जागाच नव्हती. लासिटरचं तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आपण काय मागितलं होतं ते सांगितल्याशिवाय आपली फसवणूक झाली हे सांगता येत नाही, आणि सांगितलं तर बाकीचे पाचही पारखी तिथेच त्याची चामडी सोलणार.

त्यानंतर सुळक्यांमधली वळणं झाली. दहा वळणं, प्रत्येक वळणावर पाय रोवून दिशा बदलायची. पारख्यांनी इथेही घड्याळं लावली. क्विंटन आणि लव्हेल यांच्यात फरक निघाला तो डोळ्याची पापणी लवेल एवढा. क्विंटन प्रत्येक वळणावर थोडं गमावी आणि पुढच्या सरळ टप्प्यात आपल्या लांब ढांगांनी भरून काढी. घड्याळाला बिचाऱ्याला काय, शेवटची बेरीज तेवढी दिसते. वह्यांमध्ये क्विंटनचं नाव दोनदा अधोरेखित झालं. लव्हेलच्या नावापुढे काय लिहिलं गेलं ते कुणी वाचून दाखवलं नाही, पण फार काही लिहायला लागलं नसावं.

पारखी सावलीत जाऊन तळलेली कोंबडी खायला लागले तेव्हा लासिटर एकटा ओझेलाकडे आला. हसत होता, पण कान लाल झाले होते.

“शेंगा कशा होत्या, मिस ओझेला?”

“मीठ जरा जास्त.”

“मला वाटलं होतं, आपलं ठरलं आहे.”

“तुम्ही म्हणालात एक यार्ड पलीकडे,” ओझेला म्हणाली. “कोच म्हणाले एक यार्ड अलीकडे. मी दोघांचंही ऐकलं.”

लासिटरला कळायला तीन-चार क्षण लागले. मग त्याच्या गालातून एक आवाज निघाला, तो त्याला दाबता आला नाही, आणि तो बादलीशेजारी गवतावर चक्क बसून हसला. हसून झाल्यावर मात्र तो एकदम थकल्यासारखा दिसला. म्हणाला, की पोरगा खरंच हळू आहे तर. आपले डोळे इतके कसे चुकले? मोसमात दोनदा पाहिला, दोन्ही वेळा कुणाला हाती लागला नाही.

“तुम्ही पारखी लोक सगळं वर बघता,” ओझेला उठत म्हणाली. “चला.”

तिने त्याला दक्षिणेच्या कोपऱ्यात नेलं. ओल्या मातीत पोरांच्या बुटांच्या खिळ्यांच्या खुणा स्पष्ट उमटल्या होत्या. डाव्या रांगेत क्विंटन पळाला होता, उजव्या रांगेत लव्हेल. तिने आधी डावीकडे बोट दाखवलं. वळणाच्या आधी तीन खुणा लांबट, ओरबाडलेल्या. पहिली हातभर, पुढची जरा कमी, तिसरीच्या पुढे माती ढिगासारखी साचलेली. बैलाने पाय रोवून गाडी थांबवावी तशी. आणि वळणानंतरची दोन पावलं जवळजवळ, घाबरल्यासारखी.

“हा थांबतो, मग वळतो, मग पुन्हा निघतो,” ती म्हणाली. “मागून येणाऱ्याला तेवढं पुरतं.”

मग तिने उजवीकडे बोट दाखवलं. लासिटरला आधी काही दिसलंच नाही. सरळ येणारी पावलं, एकसारख्या अंतराची. मग एकच खूण, आतल्या कडेला खोल, कडा बिस्किटं कापायच्या साच्यासारख्या स्वच्छ. आणि पुढचं पाऊल नव्या दिशेला, तितक्याच अंतरावर. ना ओरखडा, ना ढीग.

लासिटर आपल्या चांगल्या विजारीनिशी गुडघ्यांवर आला. एका वळणावरून दुसऱ्याकडे रांगत गेला. दहावं वळणसुद्धा पहिल्यासारखंच होतं. ते त्याने बोटाने चाचपून पाहिलं.

“हे तुम्हाला कधी कळलं?”

ओझेला म्हणाली, की त्यात कळायचं काय आहे. दर शनिवारी सामना होतो, सोमवारी ती उखडलेलं मैदान बुजवते. “क्विंटन थोडा वेळ जरी खेळला तरी मला दोन ढकलगाड्या माती लागते. हा पोरगा चार वर्षं खेळतोय. त्याच्यासाठी मला मूठभरही लागली नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, याला खेळवतच नाहीत.”

तेवढ्यात ओडम कोंबडीचं हाड हातात घेऊन त्यांच्याकडे येताना दिसला. लासिटरने गुडघे झटकायचासुद्धा प्रयत्न केला नाही. तेवढा वेळ नव्हता. ओडमने लांबूनच विचारलं की खाली काय सापडलं.

“लाल मुंग्या,” लासिटर म्हणाला.

ओडम जागच्या जागी थांबला. एक पाय वर उचलला, मग दुसरा. ओझेलाकडे बघून त्याने विचारलं, खरंच आहेत का?

“असतात इथे,” ओझेला म्हणाली. यात खोटं काही नव्हतं. मिसिसिपीत त्या कुठे नसतात?

ओडम विजार झटकत सावलीकडे परत गेला. तो पाठमोरा झाल्यावर लासिटर उठला आणि ओझेलाने रूळ आणून, कुणी विचारायच्या आत, सगळा कोपरा पुन्हा सपाट करून टाकला.

लासिटरने अहवालात वेगाच्या रकान्यात लिहिलं: चार पॉइंट चौसष्ट, माप खरं. खाली दोन पानं पावलांबद्दल लिहिली. त्याच्या साहेबाला वाटलं, दक्षिणेतलं ऊन याला बाधलं. पण एप्रिलमध्ये नवव्या फेरीला, सगळे कंटाळलेले असताना, कुणाचं तरी नाव घ्यायचंच होतं, म्हणून त्यांनी लव्हेल सिम्सचं घेतलं. क्विंटनला ओडमच्या संघाने तिसऱ्या फेरीत उचललं. तो सरळ पळायला लागला की आजही कुणी त्याला गाठू शकत नाही. पण त्या खेळात सरळ पळायला मिळतं कुठे? दुसऱ्या वर्षी तो घरी परतला आणि आता मेम्फिसला मोटारी विकतो, उत्तम विकतो.

लव्हेल पुढे सहा वर्षं खेळला. वर्तमानपत्रात त्याचा फोटो क्वचितच आला. पण चेंडू चार यार्ड पुढे न्यायचाच आहे, नाहीतर सामना गेला, अशा वेळी त्याचा कोच बाकाकडे न बघता त्याचंच नाव घ्यायचा. निवड झाल्याचा फोन आला त्या दिवशी तो मैदानावर आला, आणि त्याला कुणी पकडत का नाही ते ओझेलाने त्याला सांगितलं. त्याने आपल्या बुटांचे तळवे उलटे करून पाहिले. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. मग त्याने वाकून तिच्या गालाचा मुका घेतला आणि टोपी तिच्या डोक्यावरून पाडली.

गुपित मात्र कितीसं टिकणार? लव्हेलच्या पहिल्याच मोसमात लासिटरच्या साहेबाने एका मेजवानीत ते कुणाला तरी सांगितलं, आणि पुढच्या मार्चमध्ये टिबी लँडिंगला सहाच्या जागी अकरा पारखी आले. त्या वर्षी संघात बघण्यासारखं कुणी नव्हतं. तरी आले. आणि अकराच्या अकरा जण दक्षिणेच्या कोपऱ्याभोवती हात मागे बांधून, माना खाली घालून, दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांसारखे फिरायला लागले. पोरं पळायची अजून सुरुवातही झाली नव्हती, पण मातीत खुणा आधीच होत्या. कुणीतरी सकाळी लवकर येऊन सराव करून गेलं असावं. दहा वळणं, एकसारखी, कडा स्वच्छ, ओरखडा नाही. एकाने पट्टीने खोली मोजली. दुसऱ्याने ठसे घ्यायला प्लास्टरची पुडी आणली होती, तो पाणी मागत होता. ओडम पोटावर आडवा पडून एका खुणेचा फोटो काढत होता. मुंग्यांची भीती गेलेली दिसत होती.

“हा पोरगा कोण, कोच?” त्याने विचारलं.

कोच बॅस्किननी खुणा पाहिल्या, आपली पोरं पाहिली, आणि म्हणाले की नाव सध्या गुप्त ठेवलं आहे.

लासिटरही आला होता. तो गर्दीत शिरला नाही. त्याने लांबूनच एका खुणेशेजारी आपला बूट ठेवून पाहिला. खूण त्याच्या बुटाच्या पाऊण भराची होती. मग त्याने मैदानाच्या कडेला नजर टाकली. ओझेला बादलीवर बसून, वाकून, खिळ्यांच्या जुन्या बुटांची नाडी सोडत होती. पायांत दोन जोड मोजे होते, आणि गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी बांधलेली होती.

लासिटर तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला.

“वय काय या खेळाडूचं?” त्याने हळूच विचारलं.

“बासष्ट,” ओझेला म्हणाली. “पण अजून त्या लोकांना सांगू नका. प्लास्टर सुकू दे.”